‘द घोस्ट ऑफ टॉम जोड’ : गाण्याची साक्ष कितपत मानावी?

ब्रूस स्प्रिंगस्टीन म्हटले की बहुतेकांना १९८४चा ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ आठवतो. आजचा थ्रेड त्याच्या १९९५च्या, तुलनेने दुर्लक्षित राहिलेल्या ‘द घोस्ट ऑफ टॉम जोड’ या अल्बमविषयी आहे. शीर्षकातला टॉम जोड हा जॉन स्टाइनबेकच्या १९३९च्या कादंबरीचा नायक, ओक्लाहोमातून देशोधडीला लागलेला. रॉकचा गडगडाट येथे नाही. चाली पुष्कळदा एकसुरी आहेत, हेही खरे. तरी इतिहासाच्या अभ्यासाला लागल्यापासून मी या अल्बमकडे वारंवार वळतो.

कारण ‘यंग्जटाउन’ हे गाणे. ओहायोतील या पोलादनगरीचा इतिहास १८०३च्या पहिल्या भट्टीपासून सुरू होतो, यादवी युद्धातल्या तोफगोळ्यांवरून पुढे सरकतो आणि व्हिएतनामहून परतलेल्या कामगाराच्या तोंडी येऊन थांबतो. तो ज्या जेनीला साद घालतो ती प्रेयसी नव्हे. ‘जीनेट’ नावाची झोतभट्टी आहे! १९ सप्टेंबर १९७७ रोजी, सोमवारी, कॅम्पबेल वर्क्स हा कारखाना बंद होणार असल्याचे जाहीर झाले आणि सुमारे ५,००० कामगारांची रोजी गेली. शहर आजही त्या दिवसाला ‘काळा सोमवार’ म्हणते. स्प्रिंगस्टीन काही तेथला नव्हे. डेल महॅरिज आणि छायाचित्रकार मायकल विल्यमसन यांच्या १९८५च्या ‘जर्नी टू नोव्हेअर’ या पुस्तकातून त्याने हे गाणे घडवले. म्हणजे हे दुय्यम साधनच. तरीही युद्धाला पोलाद आणि पोरे दोन्ही पुरवणाऱ्या गावाला शेवटी काय मिळाले, हा कामगाराचा हिशेब कंपनीच्या ताळेबंदात सापडणारा नाही. जानेवारी १९९६ मध्ये स्प्रिंगस्टीनने हे गाणे खुद्द यंग्जटाउनमध्ये जाऊन गायले. पुढच्याच वर्षी जीनेट पाडण्यात आली.

‘गॅल्व्हेस्टन बे’पाशी मात्र माझा विश्वास डळमळतो. टेक्सासच्या किनाऱ्यावर व्हिएतनामी निर्वासित आणि गोरे मच्छीमार यांच्यात १९७९च्या सुमारास खरोखरच संघर्ष पेटला होता. सीड्रिफ्ट गावी एका गोऱ्या मच्छीमाराचा खून झाला. आरोपी निर्वासित स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सुटले. गाण्यातही असाच खटला आहे. त्यानंतर सूड घेण्यासाठी निघालेला बिली सटर अखेरच्या क्षणी सुरी आवरतो आणि पहाटे मासेमारीला निघून जातो.

प्रसंग सुंदर आहे, मन हेलावते. पण प्रत्यक्षात निर्वासितांच्या बोटींना जे संरक्षण मिळाले, ते कुणा बिलीच्या हृदयपरिवर्तनामुळे नव्हे. व्हिएतनामी मच्छीमारांच्या संघटनेने कू क्लक्स क्लानला न्यायालयात खेचले आणि १९८१ मध्ये संघीय न्यायाधीश गॅब्रिएल मॅक्डॉनल्ड यांनी क्लानच्या दहशतीला मनाई करणारा हुकूम दिला. गाण्यात क्लान आहे, न्यायाधीशही आहे. हा खटला आणि तो लढवणारे मच्छीमार मात्र कुठेच नाहीत.