बसलेला पाटा

आमच्या घरात पद्मिनीला कोणी गाडी म्हणत नाही. ती 'नानांची' असते. नाना जाऊन चार वर्षे झाली, तरी ती नानांचीच. गेल्या मार्गशीर्षात आईला घेऊन पाचाडला गेलो. रायगड चढणे तिला आता झेपत नाही. गडावरची हवा जिजाबाईंनाही मानवत नव्हती म्हणे. म्हणून महाराजांनी त्यांना खाली पाचाडला वाडा बांधून दिला. समाधीचे दर्शन घेऊन परतलो, तो गाडी मागच्या डाव्या अंगाला अशी कललेली, की वाटावे, बाई कंबर धरून बसल्या आहेत!

महाडच्या मिस्त्रींनी वाकून पाहिले. "सर, पाटा बसलाय. एक पानही मोडलंय. बुश तर गेलेच."

बुश नवे घालायचे. रबराशी भावनेचा काय संबंध? प्रश्न पाट्याचा. ठोकून पुन्हा बाक देता येतो, पण थकलेले पोलाद ठोकल्याने तरुण होत नाही. तापवून वाकवावे, तर नीट पाणी द्यावे लागते, नाहीतर ते पुन्हा बसते. आणि नवा म्हणावा, तर कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघणे २००० च्या सुमारासच थांबलेले. मुंबईच्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनीही २०२३ च्या ऑक्टोबरात गेली.

मी जुन्यावरच येत चाललो होतो. नानांच्या हातचे टाकवत नव्हते. बाकावरून आई म्हणाली, "अरे, त्यांनी हा पाटा दोनदा बदललाय. तुला सांगू नको म्हणाले होते."

दोन्ही बाजूंचे नवे पाटे मागवायला सांगितले. गाडी महाडलाच ठेवून आम्ही एसटीने परतलो.