मोटार भरण्याआधी पेटी बघ

साखरा, जि. हिंगोली

चि. बाळू यास,


आयटीआय झालं, आता सेनगावात दुकान टाकतोस, हे ताईनं सांगितलं. फार बरं वाटलं. रिवाइंडिंगचं काम तुला भरपूर मिळेल. पण जळालेली मोटार समोर आली की कॉइल भरण्याआधी ती का जळाली ते विचार. पुष्कळदा दोष स्टार्टरच्या पेटीत असतो, आणि मोटार भरून परत नेली तरी तो तिथंच असतो.

पावसाळाभर आपल्याकडं मोटारी बंद. पेटी बांधावर ओल खात उभी. तांब्याच्या लगांवर हिरवट थर चढतो, किटकॅटची पकड ढिली पडते, आत मुंग्या माती भरतात. मग हळदीला, हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ येते. 5 एचपीची मोटार साधारण 8 अँपिअर ओढते. गंजलेल्या जॉइंटचा रेझिस्टन्स नुसता अर्धा ओहम धरलास तरी तिथं 32 वॅटची उष्णता होते. आपलं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं, यावरून काय ते समज. तापलेला जॉइंट आणखी काळा पडतो, आणखी तापतो आणि शेवटी एक फेज जातो. उरलेल्या दोन फेजांवर मोटार जवळपास पावणेदोन पट करंट ओढते. त्यात कुणी ओव्हरलोड बायपास करून ठेवला असेल, तर ती जळणारच.

पेटी उघडशील तेव्हा लाईट गेली आहे या भरवशावर हात घालू नको. लाईट कधी येईल नेम नाही, आणि बहुतेकांनी ऑटो स्विच बसवलेला असतो. मेन पाड, तिन्ही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेव, टेस्टरनं खात्री कर, मगच हात लाव.

तांब्याचे लग आणि किटकॅटच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरनं लख्ख कर, भुगा कोरड्या ब्रशनं झाड, स्क्रू नीट आवळ. तार काळी पडली असेल तर तेवढी कापून नवा लग मार. केबल ॲल्युमिनियमची असेल तर बायमेटल लगच वापर. तांबं आणि ॲल्युमिनियम थेट जोडलं की ओलीत तो जॉइंट हमखास खराब होतो. कॉन्टॅक्टरच्या पॉइंटला मात्र पेपर लावू नको. त्यावर चांदीचा मिश्रधातू असतो. तो काळा दिसला तरी करंट जातो. घासलास तर चांदीच निघून जाते. खड्डे पडून ती संपली असेल, तर तिन्ही फेजांचे पॉइंट एकदम बदल.

आता शिवारात सौर पंपही आलेत. एसीचा करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत तसं होत नाही. पंप चालू असताना पॅनलचा कनेक्टर ओढलास तर ज्वाळ धरून राहते. आधी कंट्रोलर बंद कर, मग आयसोलेटर. त्यानंतरही ऊन आहे तोवर पॅनलच्या वायरीत व्होल्टेज असतंच, हे विसरू नको. आत हिरवा पडलेला कनेक्टर घासत बसू नको. दोन्ही बाजूंनी एकाच कंपनीची नवी जोडी क्रिंप कर.

बाळू, रात्रीच्या लाईटला शेतकरी एकटा, ओल्या पायांनी याच पेटीला हात लावतो. म्हणून मोटार बसवायला स्वतः जा आणि पेटी साफ केल्याशिवाय बटण दाबू नको. ती मोटार पुन्हा जळून तुझ्याकडं आली नाही, तर गिऱ्हाईक तुटलं असं समजू नको. तोच माणूस शेजाऱ्याला तुझं दुकान दाखवेल.

तुझा,
मामा