एक मोटर, दोन ब्रेक

आमच्याकडं नुसतं ‘मोटर’ म्हटलं की ती विहिरीवरची. ती लोड घेते, गरम होते, जळते. मग ट्रॅक्टरात टाकून भरायला न्यायची आणि तोवर ऊस माना टाकतो. त्यामुळं गाडीला मोटर बसवायची निघाली तेव्हा घरातल्या प्रत्येकाला त्यातलं काहीतरी कळत होतं. पंचाईत ही, की प्रत्येकाचं कळणं वेगळं होतं.

गाडी हवी होती तात्यांसाठी. नेवासा तालुक्यात मुळा उजव्या कालव्याच्या पाण्यावरची आमची वस्ती. वस्तीपासून डेअरीपर्यंत पाणंद आहे पावणेदोन किलोमीटरची, मध्ये एक ओढा. पंचवीस वर्षं तात्यांनी मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून दूध घातलं. बहात्तराव्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दुचाकी बंद केली. मी नगरला एमआयडीसीत पाळीवर, भाऊ पहाटे रानात. शासनाने 2024 मध्ये जिल्ह्याचं अहिल्यानगर केलं, तरी एसटीत बसताना आम्ही अजून ‘नगर’च मागतो, म्हणून इथंही तेच लिहितो.

“मला दूध घालाया जमणार नसंल तर गाया इकून टाका,” तात्या एका संध्याकाळी म्हणाले आणि ताट पुढं सारून उठले. सहा गाया. कांद्याचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि घोडेगावच्या मार्केटात भाव काय फुटेल ते देवालाही सांगता यायचं नाही. दुधाचा पगार मात्र दहा दिवसांनी येतो, त्यावरच किराणा, शाळा, औषधं. म्हणजे प्रश्न गाडीचा दिसत होता, पण दावणीला काय राहणार याचाच होता.

पुतण्या आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. त्याचं मत पक्कं होतं, मागच्या दोन चाकांत दोन हब मोटरी. चाकाच्या आतच मोटर, चेन नाही, गिअर नाही, डिफरन्शियल नाही. “काका, ही काय नवी कल्पना नाही. पोर्शेनं 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात चाकात मोटर असलेली गाडी मांडली होती.” त्याचं दुसरं म्हणणं आणखी वजनदार होतं. मोटरीच्या तारेतला करंट दुप्पट झाला की गरमी चौपट होते. एकच ओझं दोघींत वाटलं तर प्रत्येकीचा करंट निम्मा, गरमी पाव. दोन्हींची मिळूनही निम्मीच. आणि एक जळाली तर दुसरी लंगडत का होईना घरी आणते.

तात्यांना हे शेवटचं पटलं. विहिरीवर दहाची एक की पाचाच्या दोन, हा वाद आमच्या घरात जुना. दोन घेतल्या म्हणून एका उन्हाळ्यात निम्मा ऊस वाचला होता. पण त्यांनी लगेच उलटंही सांगितलं. “जोडीतला एक बैल ओढाळ आन एक मंद असला, तर गाडी रस्त्यानं जात न्हाई, बांधावर जाती.”

नेमकं तेच आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. डिफरन्शियल हा फरक दातांवर सांभाळतो. दोन मोटरी असल्या की ते काम दोन कंट्रोलरांवर येतं. ते मोटरीला ‘एवढा जोर लाव’ असं सांगणारे असले तर चाकं आपापला वेग धरतात. पण स्वस्तातले बरेचसे ‘एवढ्या वेगानं फिर’ असं सांगणारे, मग वळणावर चाकं एकमेकांशी भांडतात. नगरच्या रणगाडा संग्रहालयात पोराबाळांना घेऊन गेलेल्यांना आठवेल, रणगाडा वळतो तोच मुळी एका बाजूचा पट्टा मागं धरून. रणगाड्याला ते शोभतं. दुधाचे कॅन बांधलेल्या गाडीला नाही.

मी कागद घेतला. गाडीचा सांगाडा, चार बॅटऱ्या, 40 लिटरचे तीन भरलेले कॅन आणि तात्या, सगळं मिळून 480 किलो. ओढ्यातून वर येणारा चढ दोरीनं मोजला, साधारण बारा फुटाला एक फूट. म्हणजे नुसत्या चढासाठी 40 किलोची ओढ, चाकोरीतल्या खड्ड्यांसाठी आणखी 20 धरली. 60 किलोची ओढ ताशी 5 किलोमीटरनं द्यायची तर चाकापाशी 800 वॅटच्या आसपास लागतात. आकडा फार मोठा नाही. खरी अडचण वेगाची. हब मोटर चाकाएवढीच फिरते. चढावर चाक मंद, म्हणून मोटरही मंद, आणि मंद मोटर जोर लावायला नुसता करंट खाते. गिअरमागची मोटर मात्र चाक एकदा फिरतं तेवढ्यात कितीतरी वेळा फिरते. पुतण्याचं निम्म्या गरमीचं गणित बरोबर होतं, पण ते दोन सारख्या मोटरींपुरतं. गिअर मध्ये आला की हिशेब बदलतो.

म्हणून माझा कौल ई-रिक्षाच्या अ‍ॅक्सलला. 48 व्होल्टची एक मोटर, लीव्हर ओढला की चढाचा गिअर पडणारा. नगरला त्याचे भाग मिळतात, आणि बिघडलं तर उघडून बघता येईल असा माणूसही मिळतो. हब मोटर उघडायची म्हणजे चाकच काढा, आतल्या चुंबकांशी झटा.

एका जागी माझी मोटर हरत होती आणि ती जागा पुतण्यानं बरोबर पकडली. काळी माती. पावसाळ्यात ओढ्याच्या अलीकडं डावी चाकोरी लोण्यासारखी होते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, पण तो जोर सगळ्यात ढिल्या चाकापुरताच असतो. डावं चाक गाऱ्यात गरगरा फिरणार, उजवं कोरड्यावर असून गप्प उभं. “मग आजोबा पहाटे पाच वाजता ढकलणार का?” त्यानं विचारलं. दोन मोटरी असत्या तर उजवीनं आपला वाटा ओढलाच असता. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर तात्यांकडं होतं. त्यांनी उमेदीत दुसऱ्याचे ट्रॅक्टर चालवले. “ट्रॅक्टरला ब्रेक किती आस्तात रं?” पुतण्या म्हणाला, दोन पायडल. “कशाला?” जागेवर वळायला. “आन चाक गाऱ्यात फिराया लागल्यावर?” फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हळूच दाबायचा. त्या चाकाला अडवणूक मिळाली की तेवढाच जोर दुसऱ्याला मिळतो. निम्मी ताकद ब्रेकमध्ये जळते, पण दहा फूट गारा ओलांडायला ती जळाली तरी चालते.

अ‍ॅक्सलला दोन्हीकडं ड्रम होतेच. पुतण्यानं एका तारेच्या दोन केल्या आणि दोन लीव्हर बसवले, एकदम ओढता येतील असे शेजारी शेजारी. वेल्डिंग भावानं केलं.

गाडी रस्त्यावर काढता येत नाही, हेही सांगून ठेवतो. अडीचशे वॅटच्या आतली, ताशी पंचवीसच्या खालची आणि हलकी असेल तरच नियमांतून सूट. बाकीच्यांना मान्य संस्थेची चाचणी लागते. तशी एक संस्था, व्हीआरडीई, आमच्याच जिल्ह्यात आहे, पण घरच्या एका गाडीसाठी तिकडचा खर्च कोण करणार? डेअरी पाणंदीच्या टोकाला आहे, डांबरीला चाक लागत नाही, म्हणून हे जमलं. डांबरी ओलांडावी लागली असती तर मी मोटरीचा विषयच काढला नसता.

दुसऱ्या मोटरीचे आणि कंट्रोलरचे पैसे वाचले, त्यात ताडपत्रीचं छत झालं. शनिवारी पुतण्या बॅटरीत पाणी बघतो. दोन हब मोटरींचं कोटेशन त्यानं अजून पाकिटात ठेवलंय. फवारणीच्या गाड्याला त्या बसवायच्या म्हणतो, आणि हलक्या गाड्याला त्या मलाही पटतात. गेल्या पावसाळ्यात तात्या दोनदा डाव्या चाकोरीत अडकले. दोन्ही वेळा डावा लीव्हर ओढून निघाले, हे डेअरीवाल्याकडून कळलं. घरी त्यांनी फक्त फॅट किती लागली तेवढं सांगितलं.