मुसीच्या दोन्ही काठांवर

गावाकडून कुणी हैदराबादला आलं, की मी त्याला चारमिनारच्या आधी पुरानापुलावर नेतो. चारमिनार १५९१ चा, हा पूल १५७८ चा. शहर वसण्याआधीच इथे नदी ओलांडायची सोय झाली होती! गोवळकोंड्याच्या किल्ल्यात माणसं मावेनात, पाणी पुरेना, तेव्हा कुतुबशाहीची पावलं मुसी नदीच्या दक्षिण काठाकडे वळली. पुढे हे शहर वसवणारा राजपुत्र मुहम्मद कुली प्रेयसी भागमतीसाठी भरल्या नदीत घोडा घालायचा, म्हणून बापाने, इब्राहिम कुतुबशहाने, पूल बांधला, असं लोक सांगतात. पूल झाला तेव्हा हा राजपुत्र जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. हिशेब जुळत नाही, तरी आपल्या जन्माचं कारण प्रेम आहे असं मानणारं हे शहर मला फार आवडतं.

पूल ओलांडला की मग चार कमान, गुलजार हौज, लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्या आणि मक्का मशीद. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीला आले, ते याच शहरात. आणि मराठवाड्याची तर ही १९५६ पर्यंत राजधानीच. नांदेड-परभणीच्या कित्येक घरांतली मुलं शिकायला इथे यायची, वकिलीला इथे बसायची. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक या मंडळींनी मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी शाळा उभी केली ती १९०७ मध्ये.

पुढच्याच वर्षी, २८ सप्टेंबर १९०८ ला, मुसी कोपली. हजारो माणसं गेली. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. ते झाड आजही उभं आहे. शहरातली कुठलीही इमारत मला या चिंचेहून मोठी वाटत नाही. कुतुबशहांनी दगड रचले, निजामांनी महाल सजवले, पण त्या रात्री माणसं धरून ठेवली ती हिच्या फांद्यांनी.

पुराला आवर घालायला अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. त्यांच्या योजनेतून १९२० मध्ये उस्मानसागर, १९२७ मध्ये हिमायतसागर हे तलाव झाले. उस्मानसागर म्हणजेच गंडीपेट. जिथून पूर यायचा तिथूनच शहराला प्यायचं पाणी येऊ लागलं. गंडीपेटचं पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, असं इथे सगळेच म्हणतात. सुलतानबाजार, काचीगुडा या भागांतली मराठी घरं पाहिली, की मला ते अगदी मनापासून पटतं. चार वर्षं शिकायला म्हणून आलेल्यांची नातवंडं आता इथल्या शाळांत मराठी, तेलुगू, दखनी एका दमात बोलतात.