अंगाखांद्यावरची गोष्ट

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, रिओ ग्रांदे नदीकाठी, कोचिती हे प्वेब्लो लोकांचे गाव आहे. माती-दगडांची घरे बांधून शतकानुशतके तेथे नांदत आलेल्या मूलनिवासी समाजांना प्वेब्लो म्हणतात. याच गावच्या हेलन कॉर्डेरो (१९१५–१९९४) यांनी १९६४ मध्ये मातीचे एक आजोबा घडवले आणि त्यांच्या अंगाखांद्यावर पाच नातवंडे बसवली. ‘स्टोरीटेलर’, म्हणजे कथेकरी, या नावाने पुढे जगभर गेलेल्या मृत्तिकाशिल्पांचा हा आरंभ होय.

कोचितीत माणसांच्या मृण्मय आकृती पूर्वीपासून घडत, आणि मूल घेऊन गाणाऱ्या आईची आकृती तर तेथे रूढच होती. लोककलेचे संग्राहक अलेक्झांडर जिरार्ड यांनी अधिक मुले असलेली मोठी आकृती मागितली, तेव्हा कॉर्डेरो यांच्या मनात आपले आजोबा सँटियागो क्विंताना उभे राहिले, कारण नातवंडे त्यांच्याभोवती गोष्टींसाठी सदैव गोळा होत असत. अशा रीतीने आईच्या जागी आजोबा आले, आणि एका नातीची आठवण समाजाच्या जुन्या कलेत सामावली गेली.

ही आकृती चाकाशिवाय, केवळ हातांनी घडते. परिसरातली माती खणून, चाळून, मळून आकार दिला जातो. सुकलेल्या अंगावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप चढतो. तांबडा रंग मातीचाच असतो, तर काळा रंग एका रानवनस्पतीचा काढा घट्ट होईपर्यंत आटवून मिळतो. आणि शेवटी उघड्यावरच्या आगीत ती भाजली जाते. आजोबांचे डोळे मिटलेले असतात, कारण ते विचारात गढलेले असतात. तोंड उघडे असते, कारण ते गात असतात.

पुढे इतर प्वेब्लो गावांतल्या कलावंतांनीही ही कल्पना आपलीशी केली. कुणी आजीला कथा सांगायला बसवले, कुणी अस्वलाला, आणि मुलांची संख्याही वाढत गेली. त्या उघड्या तोंडातली गोष्ट कोणती, हे माती सांगत नाही. मात्र गोष्ट ऐकायला कोणीतरी इतके जवळ यावे लागते, हे ती निःसंशय सांगते. कथनाची परंपरा सांगणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्यावरही उभी असते, म्हणूनच कॉर्डेरो यांनी आजोबांइतक्याच मायेने घडवलेली ती चिमुकली नातवंडे या शिल्पाचा अलंकार नसून त्याचा अर्धा अर्थ आहेत.