आमची परसबाग आणि माझी शनिवारची पाळी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आम्हा सातवीच्या मुलांचे पहिले काम पुस्तकाचे नसते, कुदळीचे असते. शाळेमागे आमची परसबाग आहे. पावसाळ्यात लावलेली वांगी, टोमॅटो आणि कुंपणावर चढलेला वाल तेवढा उभा असतो. बाकी सगळे गवत. यंदाही कार्तिकात आम्ही गवत उपटले, जमीन खणली, शेणखत मिसळले आणि सहा वाफे बांधले. मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर लावली आणि एक वाफा कांद्याला राखून ठेवला.

मेथी चौथ्या दिवशी वर आली. कोथिंबीर मात्र बारा दिवस झाले तरी इथे एक, तिथे एक. मी रोज माती उकरून बघायचो. (तसे करू नये. गुरुजी रागावले.) शेवटी आजीला विचारले. ती म्हणाली, "आख्खेच धणे टाकले का रे? ते चपलेखाली रगडून दोन फाकी करायच्या असता. एका धण्यात दोन बिया असता." पुन्हा तसे पेरले, तेव्हा वाफा भरला.

मार्गशीर्षात बाबांनी उन्हाळ कांद्याची रोपे दिली. दोन ओळींत १५ सेंटीमीटर आणि दोन रोपांत १० सेंटीमीटर अंतर ठेवायचे असते. आम्ही पट्टी लावून लागण केली. बाबा बघायला आले आणि हसत सुटले. म्हणाले, "लासलगावला कांदा पट्टीनं नाही, काट्यावर मोजता!"

मग पौषातली थंडी आली. आमचा निफाड तालुका थंडीमुळे दरवर्षी पेपरात येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमान मोजतात. काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. ही थंडी गव्हाला मानवते. पण द्राक्षाचे मणी तडकतात, आणि टोमॅटो, वांगी करपतात. म्हणून बाबा पहाटे उठून द्राक्षबागेत शेकोट्या करतात, ठिबक सोडतात. गुरुजींनी आम्हाला त्याचे कारण सांगितले. ओली जमीन दिवसाची ऊब कोरड्या जमिनीपेक्षा जास्त धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. म्हणून कडक थंडीत संध्याकाळी बागेला हलके पाणी द्यायचे. त्यासाठी पाळ्या लावल्या. हापशावरून चौदा बादल्या. शनिवार माझा, रविवार माझ्या बाकावरच्या मित्राचा.

यंदा भोगीची भाजी शाळेच्याच बागेतली करायची, असे ठरले होते. वांगी, वाल, गाजर आमचे आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरून आणायची. पहिलीची मुले तर रोज वांगी मोजून जायची.

भोगीच्या आधीच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मामा घरी आले. मामा येवल्याचे. येवल्याला संक्रांतीला तीन दिवस पतंग उडतात, आणि तिथली आसारी ज्याने हातात धरली त्याला दुसरी चक्री आवडत नाही. मामा म्हणाले, "चल, आसारी घेऊन देतो." मी मोटारसायकलवर मागे बसलो. चौदा बादल्या मला विंचूरच्या पुढे आठवल्या. मामांना सांगितले असते तर त्यांनी गाडी वळवली असती. मी सांगितले नाही.

त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. सोमवारी सगळ्यांनी बाग बघितली. टोमॅटोची पाने उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखी काळी पडून लोंबत होती. वांग्याचे शेंडे गेले होते. वालाची फुले गळाली होती. गुरुजींनी विचारले, "काल कोणाची पाळी होती?" मित्र उभा राहिला. म्हणाला, "मी आलो होतो, पण बाग आधीच करपलेली होती. तरी पाणी घातलं." ते कोणाला खरे वाटले नाही. मला माहीत होते की ते खरे आहे. मी वहीत बघत राहिलो.

भोगीला भाजी बाजारातून आणली. पहिलीतल्या एका मुलीने विचारले, "यातलं आपलं वांगं कोणतं?" मला भाकरी गिळेना. घरी आसारी खुंटीला तशीच टांगलेली पाहून आजी म्हणाली, "काय करून ऱ्हायला रे? संक्रांत जवळ आली न तू असा बसलेला!" तिला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही, फक्त माझी चप्पल पुढे सरकवली. मी आधी मित्राच्या घरी गेलो, मग गुरुजींकडे. गुरुजींनी शाळा भरल्यावर ते सगळ्यांसमोर सांगायला लावले. ते फार अवघड गेले. मित्र आठ दिवस दुसऱ्या बाकावर बसला.

टोमॅटो उपटून टाकावे लागले. वांगीही मी उपटणार होतो, पण आजीने थांबवले. "थंडी सरू दे. करपलेलं आताच छाटलं तर उरलेल्याला गार लागंल. बुडात जीव असतो." माघात ऊन वाढल्यावर काळे शेंडे कापले, खुरपणी करून बुडाशी खत दिले. नऊपैकी सहा झाडांना खालून कोवळे फुटवे आले. टोमॅटोच्या जागी भेंडी आणि गवार टोकली. वालावर मावा पडला, तेव्हा सकाळी दव असतानाच चुलीची राख धुरळली.

आता होळी झाली. कांद्याच्या गाठी दिसू लागल्या आहेत. निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या की काढणी, आणि त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचे. तोवर पाळ्या चालूच. शनिवार माझाच आहे. काल मी सहावी बादली ओतत होतो, तेव्हा हापशाचा आवाज आला. वळून पाहिले तर मित्र हापसत होता. म्हणाला, "सातवी भरली. ने."