जुन्या खेळाडूच्या गोष्टी

खेळाडू मैदानावर असतो तोवर लोक त्याचा खेळ पाहतात. तो म्हातारा झाला, की त्याच्या गोष्टी ऐकतात. मला विचाराल, तर यांतले दुसरे सुख अधिक टिकाऊ आहे. खेळ सायंकाळी संपतो. गोष्ट मात्र सांगणारा दमेपर्यंत चालते, आणि म्हातारे खेळाडू गोष्टी सांगताना सहसा दमत नाहीत!

प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर यांचेच पाहा. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत आणि मैदानावर भल्याभल्या गोलंदाजांना धडे देत. १९२६ साली गिलिगन यांचा इंग्रज संघ मुंबईस आला, तेव्हा त्यांनी १४८ धावा काढल्या. परंतु भारत पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ साली. त्या वेळी देवधरांनी चाळिशी गाठली होती. त्यांना संघात स्थान मिळाले नाही. एकही कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. तरीही १९४४ साली, ज्या वयात माणसे नातवंडे खेळवितात त्या बावन्नाव्या वर्षी, या गृहस्थांनी रणजी करंडकाच्या एकाच सामन्यात दोन शतके ठोकली!

१९६६ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘आय लुक बॅक’, म्हणजे ‘मी मागे वळून पाहतो’. या नावाची मला मोठी मौज वाटते. फलंदाजाला मागे वळून पाहण्याची पाळी येते ती बहुधा यष्ट्या उडाल्यावरच!

आमच्या यावलला पुस्तक लिहिणारा खेळाडू नव्हता. पण एक वृद्ध पहिलवान होते. सारे गाव त्यांना आबा म्हणे. केळीच्या बागांतून माणसे परतली, दिवेलागण झाली, की निंबाळकरांच्या जुन्या किल्ल्याजवळच्या एका ओट्यावर ते येऊन बसत, आणि आम्ही मुले त्यांच्याभोवती गोळा होत असू. जत्रेतली कुस्ती सांगता सांगता त्यांचा हात आपोआप पुढे येई, आमच्यापैकी एखाद्याचे मनगट पकडी, आणि आबा म्हणत, “हं, आता सुटून दाखव!” कोणी सुटल्याचे मला आठवत नाही. जिंकलेल्या कुस्त्या ते दोन वाक्यांत उरकीत. एक हरलेली कुस्ती मात्र घटकाघटका चाले, आणि तिच्यातला प्रतिस्पर्धी दर वर्षी थोडा अधिक उंच होत जाई! एकदा आमच्यातील एकाने धीर करून विचारले, “आबा, हरलेलीच कुस्ती का सांगता?”

आबा हसले. म्हणाले, “जिंकलो तेव्हा माझं लक्ष बक्षिसाच्या फेट्याकडं होतं, बाळा. हरलो त्या दिवशी मी त्याच्याकडं नीट पाहिलं.”

निंबाळकरांचे नाव आले म्हणून दुसरे एक निंबाळकर आठवले. हे कोल्हापूरचे भाऊसाहेब. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळताना त्यांच्या ४४३ धावा झाल्या होत्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम गाठण्यास नऊ धावा हव्या होत्या, मोडण्यास दहा. इतक्यात खेळाची सुटी झाली. आपल्याविरुद्ध असा विक्रम नोंदला जावा, हे पाहुण्या कर्णधारास रुचेना. पाहुण्यांनी पुढे खेळण्याचे नाकारले आणि ते घरी निघून गेले! धावपुस्तकात नोंद राहिली ती ‘४४३ नाबाद’ एवढीच. निंबाळकरांनाही अधिकृत कसोटी सामना लाभला नाही. पुढे २०१२ सालापर्यंत, वयाची ब्याण्णव वर्षे पुरी करून, ते जगले. मुलाखतींतून त्यांना त्या न काढलेल्या धावांविषयी विचारले जाई. त्या धावा धावपुस्तकात सापडणार नव्हत्या. त्या म्हाताऱ्या फलंदाजाजवळच होत्या.

आत्मचरित्रानंतर देवधर आणखी सत्तावीस वर्षे जगले. १९९३ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी, ते वारले. या सत्तावीस वर्षांत त्यांच्या तोंडून ज्यांनी गोष्टी ऐकल्या, तेही आता म्हातारे झाले असतील. आमच्या आबांच्या गोष्टी तर कोणी कागदावर उतरविल्याच नाहीत. त्या हरलेल्या कुस्तीत आबा कोणत्या डावाने चीत झाले, हे ओट्यावरच्या आम्हां चौघांना अजून स्पष्ट आठवते. आणि चौघांना चार निरनिराळे डाव आठवतात.